काटा कोणत्या बाजूला चुकतो?

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली, हे नगरच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. बेडफर्डची गाडी, लाकडी बॉडी, काथ्याच्या गाद्या, चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे, इतका तपशील आपण जपला आहे. दरवर्षी एक जूनला वर्तमानपत्रे तो छापतात आणि ते योग्यच आहे. पण चालकाच्या पुढ्यात जी फळी होती आणि तिच्यावर जे काटे हलत होते, त्यांच्याविषयी लिहावेसे कुणाला वाटलेले नाही. प्रवासी खिडकीबाहेर पाहतो, इतिहासकार तिकिटाकडे पाहतो. काट्याकडे पाहतो तो फक्त चालक. आणि काटा वेडावाकडा नाचू लागला की त्याची किंमतही बहुतेक वेळा चालकच मोजतो. हा लेख त्या काट्यांचा आहे.

(जिल्ह्याचे नाव ऑक्टोबर २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर झाले आहे. मी मात्र जुन्या काळाविषयी लिहिताना जुनेच नाव वापरतो, आणि गॅरेजमध्ये तर सगळे नुसते 'नगर'च म्हणतात.)

डॅशबोर्ड हा शब्द मोटारीपेक्षा जुना. घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल बग्गीत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली आडवी फळी, तो डॅशबोर्ड. घोडा गेला, फळी राहिली, आणि तिच्यावर घड्याळासारख्या तबकड्या येऊन बसल्या. सुरुवातीला त्याही नव्हत्या. जगभर गाजलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'मध्ये पेट्रोलचा काटाच नव्हता. सीट उचलायची, टाकीचे झाकण उघडायचे आणि खुणा केलेली लाकडी पट्टी आत बुडवायची. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या टाकीत काठी घालून डिझेल पाहणारा शेतकरी नकळत तीच परंपरा चालवतो. पट्टीचा एक गुण असा, की ती मोडली तर मोडलेली दिसते. काट्याचे तसे नसते. तो बिघडला तरी काहीतरी सांगतच राहतो.

मी काही अभियंता नाही, इतिहासाची पदवीही माझ्याकडे नाही. गेली वीसेक वर्षे रद्दीत निघालेली जुनी सर्व्हिस मॅन्युअले गोळा करणे आणि म्हाताऱ्या वायरमन मंडळींच्या बाकड्यावर बसून ऐकणे, एवढाच माझा अभ्यास. त्यातून एक प्रश्न माझ्या मनात पक्का झाला: बिघडलेला काटा कोणत्या बाजूला चुकतो? भरल्याच्या की रिकाम्याच्या? थंडच्या की गरमच्या? मोटारीच्या फळीचा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

सगळ्यांत जुने काटे विजेचे नव्हतेच. तेलाच्या दाबाचा काटा म्हणजे इंजिनापासून फळीपर्यंत आणलेली तांब्याची बारीक नळी आणि तिच्या टोकाला वाकवलेली चपटी नळी. दाब वाढला की वाकडी नळी सरळ होऊ पाहते आणि काटा ओढते. पॅरिसच्या यूजेन बूर्दों याने १८४९ मध्ये वाफेच्या इंजिनांसाठी शोधलेली ही युक्ती. पाण्याच्या उष्णतेचा काटाही तसाच. एका टोकाला इंजिनात बुडवलेला बल्ब, मधे केसासारखी बारीक नळी, आत ईथरसारखे चटकन वाफ होणारे द्रव. ही नळी कुठे दबली, चिरली, आतले द्रव निघून गेले, की काटा 'थंड'वर जाऊन झोपतो आणि परत उठत नाही. म्हणजे चुकण्याची बाजू ठरलेली, आणि तीही वाईट.

वेगाचा काटा वेगळ्या जातीचा. १९०२ मध्ये ओटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने पेटंट घेतलेली रचना पुढे ऐंशी-नव्वद वर्षे तशीच चालली. गिअरबॉक्सपासून केबल फिरत येते, तिच्या टोकाला लोहचुंबक फिरते, आणि त्याला न चिकटलेली एक हलकी वाटी चुंबकाच्या ओढीने थोडीशी फिरते. स्प्रिंग तिला मागे खेचते. या काट्याचे थरथरणे प्रसिद्ध आहे. हळू चालवताना तो चाळीस-वीस-पन्नास असा नाचू लागला की चुंबकाला दोष देऊ नये. केबल कोरडी पडलेली असते किंवा कुठेतरी फार वाकलेली असते. ती थोडी अडते, पीळ घेते आणि एकदम सुटते, तोच झटका काट्यात दिसतो. केबल काढून पुसून बेताचे ग्रीस लावले की काम झाले. बेताचेच. जास्त लावले तर ते वर चढून मीटरमध्ये शिरते आणि वाटी चिकटते.

वेगाच्या काट्याबाबत एक गमतीची गोष्ट सांगतो. अनेक देशांनी मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमाप्रमाणे हा काटा खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवू शकत नाही, जास्त मात्र दाखवू शकतो. खरा वेग ताशी ८० किलोमीटर असताना काटा ९२ पर्यंत गेला तरी नियमात बसते. चुकायचेच असेल तर कोणत्या बाजूला चुकावे, हे इथे कायद्यानेच ठरवून दिले आहे. बाकीच्या काट्यांना असा कायदा कुणी केला नाही.

आता विजेच्या काट्यांकडे येऊ, कारण खरी गंमत आणि खरा त्रास तिथे आहे. टाकीत एक तरंगता फ्लोट, त्याच्या दांडीच्या टोकाला वेटोळ्या तारेवर घासत जाणारी पत्ती. टाकी भरेल तशी पत्ती सरकते आणि विजेच्या वाटेतला अडथळा बदलतो. फळीवरचा काटा पेट्रोल मोजतच नाही, तो फक्त हा अडथळा मोजतो. ही एक गोष्ट लक्षात घेतली, की काट्यांच्या निम्म्या लहरी उलगडतात.

जुन्या गाड्यांतल्या काट्यात दोन वेटोळी असत आणि दोघांच्या ओढाताणीत काटा ठरे. त्याचा फायदा असा, की बॅटरी कमी-जास्त झाली तरी दोन्ही वेटोळ्यांवर सारखाच परिणाम होई आणि काटा फारसा हलत नसे. मात्र तो फार चपळ. वळणावर पेट्रोल एका बाजूला गेले की काटाही गेला. या जातीत बहुधा टाकी रिकामी असताना अडथळा कमी आणि भरत जाईल तसा जास्त, अशी मांडणी असे. मग टाकीकडे जाणारी तारच तुटली तर? अडथळा अमर्याद. काटा 'फुल्ल'च्याही पलीकडे जाऊन बसतो. म्हणजे तुटलेली तार सांगते, की टाकी काठोकाठ आहे. अशा गाडीचा मालक सुप्याच्या माळावर गाडी ढकलत असतो तेव्हाही काटा भरलेलाच असतो.

पुढे ब्रिटिश घराण्याच्या गाड्यांत स्मिथ्स कंपनीचा दुसऱ्या जातीचा काटा आला. दोन धातूंची जोडपट्टी, तिच्यावर गुंडाळलेली तार. वीज वाहिली की पट्टी तापते, वाकते आणि काटा हळूहळू सरकतो. हा काटा वळणावर नाचत नाही, कारण पट्टीला तापायला-निवायला वेळ लागतो. किल्ली फिरवली की सावकाश चढणारा तो हाच. इथे मांडणी उलटी होती. भरलेल्या टाकीला अडथळा कमी, रिकाम्या टाकीला जास्त. तार तुटली तर काटा 'रिकामी' म्हणून खाली पडतो. खोटे ते खोटेच, पण या खोट्याने माणूस रस्त्यात अडकत नाही, फार तर पंपावर जाऊन फजीत होतो. माझ्या मते फळीच्या इतिहासातला हा मोठा टप्पा आहे. त्याचा गवगवा झाला नाही, कारण तो जाहिरातीत सांगण्यासारखा नव्हता.

वायरमनची मात्र यात पंचाईत झाली. जुनी परीक्षा सोपी होती: टाकीवरची तार काढा, काटा एका टोकाला जातो का बघा, तीच तार बॉडीला टेकवा, काटा दुसऱ्या टोकाला जातो का बघा. दोन्ही वेळा काटा नीट गेला तर फळीवरचा काटा आणि मधली तार निर्दोष, दोष टाकीतल्या युनिटचा. परीक्षा नव्या गाडीतही तीच राहिली, पण टोके उलटली. शिवाय जोडपट्टीच्या काट्याची तार बॉडीला क्षणभरच टेकवायची असते. धरून ठेवली तर आतली तार जळते. गाडी कोणत्या जातीची आहे हे न पाहता निदान करणाऱ्याने किती चांगले मीटर भंगारात काढले असतील, याचा हिशेब कुणाकडे नाही.

फ्लोटची गोष्ट मला सहज सांगता येत नाही, कारण ती आमच्या घरातली आहे. माझे वडील सत्तरच्या दशकात एका मालवाहतूकदाराकडे ट्रकवर होते. मालक संध्याकाळी टाकी भरून द्यायचा आणि सकाळी काटा बघायचा. एका महिन्यात तीन-चार वेळा काटा रात्रीत खाली आलेला दिसला. वडील म्हणाले, काठी घालून बघा. मालक म्हणाला, मीटर काय खोटं बोलतंय का? नोकरी गेली, महिन्याचा पगार अडकला, आणि नगरच्या अड्ड्यावर काही दिवस वडिलांकडे लोक वेगळ्या नजरेने बघत होते. नव्या ड्रायव्हरच्या हातातही काटा तसाच पडू लागला, तेव्हा कुठे युनिट उघडले गेले. फ्लोट पितळी होता. त्याचा डाक चिरला होता आणि आत डिझेल शिरले होते. हलवल्यावर खळखळ ऐकू येत होती. जड झालेला फ्लोट बुडतो, मग काटा कोणत्याही जातीचा असो, तो रिकाम्याकडेच जातो. वडिलांना कुणी परत बोलावले नाही. बोलावले असते तरी ते गेले नसते. पण युनिट उघडणाऱ्या मिस्त्रीने तो फ्लोट आणून वडिलांच्या हातात दिला. तो अजून आमच्याकडे आहे.

जोडपट्टीच्या काट्याबरोबर एक नवा भिडू आला, स्टॅबिलायझर. पट्टीचे तापणे विजेच्या दाबावर अवलंबून, आणि डायनामोच्या काळात तो दाब इंजिनाच्या वेगाबरोबर वर-खाली होई. म्हणून फळीच्या मागे काडेपेटीपेक्षा लहान अशी एक पत्र्याची डबी बसवली जाई. तिच्यातही जोडपट्टीच. ती तापली की संपर्क तुटतो, निवली की जुळतो, आणि या उघडझापेतून सरासरी १० व्होल्ट बाहेर पडतात. पेट्रोल आणि पाणी, दोन्ही काट्यांना वीज या एकाच डबीतून.

नगरच्या जुन्या वायरमन मंडळींचे खरे शास्त्र इथे दिसते. त्यांचा पहिला प्रश्न 'कोणता काटा बिघडला' हा नसे. 'दोन्ही मिळून बिघडलेत का एकटाच?' असा असे. एकटा बिघडला असेल तर त्याच्या युनिटपाशी किंवा तारेपाशी जा. दोन्ही एकाच वेळी, एकाच दिशेला गेले असतील तर टाकीकडे बघूसुद्धा नका, फळीमागे हात घाला. दोन्ही काटे मेले असतील तर डबीतला संपर्क जळला असेल. दोन्ही जास्त दाखवत असतील, म्हणजे टाकी अर्धी असताना पाऊण आणि इंजिन गार असताना गरम, तर डबीचा अर्थ गेला. अर्थ नसला की डबीतली पट्टी तापत नाही, संपर्क तुटत नाही, आणि काट्यांना दहाऐवजी बॅटरीचा पूर्ण दाब मिळतो. शंभर वायरी तपासण्याऐवजी एका प्रश्नात दिशा ठरते. हे निदान मला मॅन्युअलमध्येही सापडले, पण तिथे ते तक्त्यात विखुरलेले आहे. बाकड्यावर ते एका वाक्यात होते.

'अर्थ' हा शब्द आपल्या गॅरेजात इतका रुळला आहे, की 'याला अर्थच नाही' हे वाक्य तिथे गंभीरपणे उच्चारले जाते. गाडीत विजेला जायला तार असते, परतायला गाडीचा पत्राच. तो पत्रा गंजला, रंगवला, बोल्ट सैल झाला, की परतीची वाट अडते आणि वीज दुसऱ्याच्या वाटेने परतू पाहते. दिवे लावले की पेट्रोलचा काटा हलतो, इंडिकेटर दिला की काटाही त्याच ठेक्यात उडतो, ही लक्षणे टाकीची नाहीत, अर्थाची आहेत. गाडीला नवा रंग दिल्यावर काटे बिघडल्याच्या तक्रारी मी अनेक ऐकल्या. रंगाऱ्याने अर्थाच्या बोल्टाखालीही मनापासून रंग दिलेला असतो.

या बाबतीत नगरला एक खास वारसा आहे आणि तो छावणीकडून आला. चिलखती दलाचे केंद्र व प्रशालेमुळे नगर रणगाड्यांचे गाव आहे. १९९४ पासूनचे इथले रणगाडा संग्रहालय बाहेरगावचे लोक मुद्दाम पाहायला येतात. रणगाड्याच्या चालकाचा विचार करा. चहूबाजूंनी पोलाद, पुढे एक फट, इतका आवाज की इंजिनातली वेगळी खडखड ऐकू येणे कठीण. त्याच्याजवळ काट्यांशिवाय दुसरे ज्ञान नाही. म्हणून लष्करी वाहनांत तारा आणि अर्थ यांकडे नागरी वाहनांपेक्षा कितीतरी जास्त लक्ष दिले जाई. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये इंजिन, बॉनेट आणि बॉडी यांना जोडणाऱ्या विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या असत. ठिणगीच्या यंत्रणेची खरखर बिनतारी संचात शिरू नये हा त्यांचा मूळ हेतू, पण परतीची वाटही त्यामुळे पक्की होई. पुढे खाजगी हातांत गेलेल्या जीपमधून या पट्ट्या 'बिनकामाच्या' म्हणून काढून टाकलेल्या मी पाहिल्या आहेत.

नगरमधली वाहन संशोधन व विकास संस्था, आपली व्हीआरडीई, याच परंपरेतली. तिचे मूळ १९२९ साली रावळपिंडीजवळच्या चकलाला इथे स्थापन झालेल्या यांत्रिक वाहतुकीच्या तपासणी खात्यात आहे. १९४७ मध्ये ते नगरला आले. रणगाड्यांचे काम १९७६ मध्ये वेगळे होऊन चेन्नईजवळच्या आवडीला गेले. इथे चाकांची वाहने आणि त्यांच्या चाचण्या वाढल्या. एका वाहनाच्या विद्युत लहरी दुसऱ्या यंत्रणेत ढवळाढवळ करतात का, याच्या चाचण्याही इथे होतात. वेड्या काट्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास आमच्याच गावाच्या वेशीवर होतो, आणि गावातल्या बाकड्यावरचा वायरमन त्याच प्रश्नाशी टेस्ट लॅम्प घेऊन झगडतो. या दोघांची कधी बैठक व्हावी, असे मला फार वाटते.

उष्णतेचा काटा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याचे चुकणे सगळ्यांत महाग पडते. त्याच्या युनिटमधला अडथळा गरम होताना कमी होतो. म्हणून तार बॉडीला टेकली तर काटा एकदम लालवर जातो. चालक घाबरून थांबतो, नुकसान काही नाही. पण तार तुटली तर काटा 'थंड'वर पडतो. त्याहून वाईट म्हणजे, यंत्रणेत काहीही बिघडलेले नसतानाही तो फसवू शकतो. करंजी घाट किंवा चंदनापुरी घाट चढताना पाण्याचा पाइप फुटला, सगळे पाणी निघून गेले, की युनिट कोरडे पडते. ते पाण्याचे तापमान सांगायला बसवलेले, आणि पाणीच नाही. काटा आधी वर जातो आणि मग खाली येऊ लागतो. चालकाला वाटते, चढ संपला, गाडी निवली. दोन-तीन मैलांत इंजिन जाम. वर गेलेला काटा गाडीचा वेग कमी न होता अचानक खाली आला तर तो दिलासा समजू नये, लगेच गाडी बाजूला घ्यावी, हे घाटातल्या जुन्या चालकांना कुणी वर्गात शिकवले नव्हते. बोनटमधून येणारा वास, वाफ, इंजिनाचा बदललेला आवाज, या सगळ्यांशी ते काट्याची साक्ष ताडून बघत.

आणि आता नवी गाडी. काटा आहे, किंवा काट्याचे चित्र आहे, पण टाकीशी त्याचा थेट संबंध उरलेला नाही. १९८६ मध्ये बॉश कंपनीने मांडलेल्या कॅन पद्धतीत गाडीतले छोटे संगणक दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. युनिट संगणकाला सांगते, संगणक फळीला, आणि काय दाखवायचे ते लिहून ठेवलेले असते. पेट्रोलचे हिंदकळणे सरासरी काढून गाळले जाते. उष्णतेचा काटा तर अनेक गाड्यांत सुमारे ७५ ते १०५ अंशांपर्यंत मध्यावरच धरून ठेवलेला असतो, कारण हलणारा काटा बघून गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते. जुना काटा थरथरत होता, पण त्या थरथरीत काही खबर होती. नवा काटा स्थिर आहे तो हुकुमावरून. तापमान खरोखर हाताबाहेर गेल्यावरच तो हलतो, आणि तेव्हा वेळ थोडा उरलेला असतो. हे मला प्रगती म्हणून पूर्ण पटलेले नाही.

दुसऱ्या बाजूने मोठा लाभही झाला आहे. एप्रिल २०१० पासून आपल्याकडच्या चारचाकींत दोष स्वतः नोंदवणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. उष्णतेच्या युनिटची तार तुटली तर संगणकाला उणे चाळीस अंशांसारखे अशक्य तापमान दिसते. बहुतेक गाड्यांत तो ते मानत नाही, दोषाचा क्रमांक नोंदवतो, दिवा लावतो आणि सावधगिरी म्हणून पंखा सतत चालू ठेवतो. 'थंड'कडे चुकणारा काटा शेवटी सुरक्षित बाजूला वळवला गेला, त्याला शंभर वर्षे लागली. तरीही स्कॅनर लावून दहा क्रमांक एकदम निघाले, सगळे काटे एकत्र पडले किंवा किल्ली फिरवताना फळीच फडफडली, तर दहा सुटे भाग बदलण्याआधी बॅटरीचा दाब आणि अर्थाचा बोल्ट पाहावा. गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदराने कुरतडलेल्या तारा पाहाव्यात. 'दोन्ही का एकटाच' हा प्रश्न अजून निवृत्त झालेला नाही.

डिझेलचा संशयही झालेला नाही. आता दुधाच्या टँकरवर, मालट्रकवर टाकीत विद्युत दांडी बसवलेली असते आणि मालकाच्या मोबाइलवर आलेख उमटतो. दांडी मोजते ती तिच्या जागेवरची डिझेलची उंची, लिटर नव्हेत. ती टाकीच्या मध्यावर नसेल आणि गाडी चढावर उभी राहिली, तर डिझेल एका टोकाला जाते आणि आलेख खाली पडतो. गेल्या वर्षी संगमनेरकडच्या एका टँकरचालकाने मला असा आलेख आणून दाखवला. घाटात चहाला थांबला तेवढ्या वेळात वीसेक लिटरची घट, आणि मालकाचा फोन. आम्ही दोघांनी तोच आलेख पुढे सरकवून पाहिला. घाट उतरून गाडी सपाटीला लागल्यावर, वाटेत कुठेही डिझेल भरलेले नसताना, रेष तितकीच वर आली होती. चोरलेले डिझेल कुणी परत टाकीत ओतत नाही. त्याने तो भाग मालकाला पाठवला, आणि पुढच्या फेरीपासून गाडी सपाटीवर उभी करून काठीने मोजलेला आकडाही वहीत लिहायचे ठरले.